‘मला नाही जमायचं’ : अडवणाऱ्या समजुतीची परीक्षा कशी घ्यावी

अडवणारी समजूत डोक्यात शोधायला गेलं तर सहसा सापडत नाही. ती सापडते न केलेल्या गोष्टींत. कोथरूडला पंचवीस वर्षं राहून डेक्कनपर्यंत एकदाही एकटीने गाडी नेलेली नाही. हिंजवडीच्या ऑफिसात तीन वर्षं झाली, पण मीटिंगमध्ये स्वतःहून एक प्रश्न विचारलेला नाही. सोसायटीच्या सभेत हिशेब चुकीचा दिसला, तरी हात वर केला नाही. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं : ‘आपला तो पिंडच नाही’, ‘आमच्या घरात कोणी केलेलं नाही’, ‘आता या वयात कुठे’. ही उत्तरं इतकी अंगवळणी पडतात की ते आपलं एक मत आहे हेही लक्षात राहत नाही. त्यालाच आपण स्वभाव म्हणू लागतो.

म्हणून सुरुवात यादीपासून करा. अप्पा बळवंत चौकात मिळते तसली साधी शंभर पानी वही पुरे. मोबाइलवर लिहू नका, मध्येच मेसेज येतो आणि अवघड ओळ तिथेच राहते. पहिल्या पानावर गेल्या वर्षभरात टाळलेल्या दहा गोष्टी लिहा. ‘आत्मविश्वास नाही’ असलं काही नको. तारीख-वार सांगता येईल अशी गोष्ट हवी, ‘दिवाळीत मावशीकडे सगळ्यांनी गायला सांगितलं, मी पाणी आणायला उठले’ अशी. वीस मिनिटं लागतील. पहिल्या चार-पाच पटकन सुचतात, कारण त्या आपण लोकांनाही सांगत असतो. कामाच्या बहुधा शेवटच्या तीन-चार असतात. दहा पूर्ण झाल्याशिवाय उठू नका.

भिंत आहे की समजूत?

ही पायरी गाळून पुढे गेलात तर स्वतःवर अन्याय होतो. प्रत्येक अडथळा मनातला नसतो. आडनाव ऐकून घर नाकारलं जातं, तेव्हा ‘विचार बदला’ हा सल्ला क्रूर आहे. फी परवडत नाही, घरी आजारी माणूस आहे, रात्री साडेदहाला घरी परतायला सुरक्षित वाहन नाही, या भिंती आहेत. भिंतीसाठी पैसे, कायदा, माणसं, वेळ लागतो. वही पुरत नाही.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. माझ्यासारख्याच परिस्थितीतल्या कोणी हे केलंय का? मी शेवटचा प्रयत्न कधी केला होता? उद्या कोणी हमी दिली की फजिती होणार नाही, तर मी हे करेन का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर अडवणारी गोष्ट मुख्यतः समजूत आहे. ‘तरीही शक्य नाही’ आलं, तर भिंत आहे आणि तिचा विचार वेगळा करायचा.

पुष्कळदा दोन्ही एकत्र असतं, आणि तिसरीही एक शक्यता असते : कौशल्यच शिकायचं राहिलेलं असतं. ‘माझं डोकं गणितात चालत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचं गाडं बरेचदा पाचवी-सहावीतल्या अपूर्णांकांवर अडलेलं असतं. तिथून पुढचं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं, आणि घरच्यांनी ‘याच्या बाबांचंही गणित असंच होतं’ असं म्हणून शिक्का मारला. अशा मुलाला धीर देऊन उपयोग नाही. अपूर्णांक परत शिकवायला हवेत. शिकवूनही आकडे, चिन्हं, क्रम यांत सतत तीच गल्लत होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या.

एक सावधगिरी. काही समजुती जिद्दीचा वेश घालून येतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सहावं वर्ष बसलेल्या मुलाला ‘मी करून दाखवणारच’ असं वाटत असतं, आणि त्याच्याखाली ‘अधिकारी झालो नाही तर गावात तोंड दाखवता येणार नाही’ हे दडलेलं असतं. तीही अडवणारीच समजूत आहे. फक्त ती पुढे जायला अडवत नाही, बाहेर पडायला अडवते.

तळापर्यंत उतरणं

यादीतली एकच गोष्ट निवडा. मधल्या वजनाची घ्या. सगळ्यात मोठी आताच नको. आता तिच्याविषयी मनात येणारं पहिलं वाक्य लिहा आणि प्रत्येक वाक्याला ‘तसं झालं तर?’ असं विचारत खाली जा. समजा, मराठी माध्यमात शिकून हिंजवडीत नोकरीला लागलेली एक मुलगी आहे. तिच्या वहीचं पान असं दिसेल :

मीटिंगमध्ये बोलले तर चुकेन.
चुकले तर? सगळ्यांना कळेल माझं इंग्रजी कच्चं आहे.
कळलं तर? त्यांना वाटेल हिला कामही येत नाही.
वाटलं तर? चांगलं काम दुसऱ्याला देतील.
दिलं तर? मी इथली नाहीच, चुकून आलेय.

साधारण चार-पाच पायऱ्यांत एकच उत्तर फिरून फिरून यायला लागतं किंवा पोटात गोळा येतो. तिथे थांबायचं. त्या शेवटच्या ओळीशी त्याच दिवशी वाद घालू नका, आणि हे रात्री अकरानंतर मुळीच करू नका. थकलेल्या मेंदूला सगळंच खरं वाटतं.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकापासून नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना विचारांचे हे थर दाखवून दिले. वर क्षणात येऊन जाणारे विचार, तळाशी स्वतःबद्दलची मूळ समजूत, आणि मध्ये नियम. नियम ‘जर-तर’चा असतो. या मुलीचा नियम : ‘बिनचूक बोलता येत नसेल तर गप्प बसावं.’ काम या मधल्या थरावर करायचं. तळाची समजूत फार जुनी आणि फार मोठी असते, तिची थेट परीक्षा घेता येत नाही. वरचे विचार रोज नवे येतात, ते मोजता मोजता दमायला होतं. नियम मात्र वागण्यात दिसतो, म्हणून तो मोडून पाहता येतो.

नियम एका ओळीत लिहा आणि तो आज किती खरा वाटतो, ते ० ते १०० मध्ये शेजारी लिहा. ८५ असेल तर ८५. शहाणपण दाखवून ४० लिहू नका, पुढची सगळी नोंद खोटी पडेल.

समजूत टिकते कशी

१९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात. तुम्हीही तीन-तीन आकडे सांगा, मी बसतात की नाही ते सांगतो, त्यावरून नियम ओळखा. लोक म्हणाले ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग खात्रीने सांगितलं : दोन-दोनने वाढणारे आकडे. चूक. नियम एवढाच होता की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. १, २, ३ म्हणून पाहिलं असतं तरी कळलं असतं, पण बहुतेकांनी आपला अंदाज मोडू शकेल असे आकडे विचारलेच नाहीत.

समजुतीचंही असंच होतं. गप्प बसणारी मुलगी रोज गप्प बसते, रोज कोणी हसत नाही, आणि ती समजते की गप्प बसल्यामुळेच निभावलं. परीक्षा होतच नाही, तरी निकाल मात्र रोज लागतो.

टाळणं नेहमी उघड नसतं. आपण कुबड्या वापरतो. वाक्यं पाठ करून जाणं, कॅमेरा बंद ठेवणं, बोलण्याऐवजी चॅटवर टाइप करणं, ‘मला फारसं कळत नाही, पण’ अशी सुरुवात करणं. कुबडी घेऊन मीटिंग पार पडली की श्रेय कुबडीला जातं. म्हणून नियमाच्या खाली आपल्या तीन-चार कुबड्याही लिहून ठेवा. ही यादी करताना माणसं सगळ्यात जास्त चुकतात, कारण कुबडी ही ‘तयारी’ वाटते. फरक ओळखायचा सोपा उपाय : ती नसताना काम बिघडेल, की फक्त भीती वाढेल? भीतीच वाढणार असेल तर ती कुबडी.

भाकीत लिहा, शिडी बांधा

‘सगळे मला हसतील’ हे भाकीत तपासता येत नाही. कोण, कधी, किती आणि ते मला दिसणार कसं, हे त्यात हवं. ‘मंगळवारच्या मीटिंगमध्ये आठांपैकी किमान दोघं हसतील किंवा एकमेकांकडे बघतील’ हे तपासता येतं. भाकिताचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा टक्का द्या. हे फार महत्त्वाचं आहे, आणि नमुन्यासाठी एक पान पूर्ण देतो :

मंगळवार, सकाळी १०. करणार : काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, तीन वाक्यं, कागद न बघता. सोडणार ती कुबडी : पाठांतर. भाकीत : अडखळेन, ९० टक्के. कोणीतरी हसेल, ७० टक्के. लीड (टीमचा प्रमुख) माझं काम काढून घेईल, ४० टक्के.

झालं ते : दोनदा अडखळले. कोणी हसलं नाही. दोघं आपापल्या लॅपटॉपमध्ये होते. लीडने विचारलं, ‘ती फाइल आज मिळेल का?’ काम माझ्याकडेच.

पाहा, पहिला तुकडा खरा ठरला. एकसंध भाकीत लिहिलं असतं तर संध्याकाळी मन म्हणालं असतं, ‘बघ, झालंच ना.’ तुकडे केल्यामुळे दिसतं की अडखळणं आणि पुढची आपत्ती यांना जोडणारा धागाच कच्चा आहे. समजूत त्या जोडावर जगते.

निकाल त्याच दिवशी लिहा, झोपण्यापूर्वी. दोन दिवसांनी लिहिलात तर आठवण जुन्या समजुतीच्या मापाने शिवली जाते. आणि दिसलं-ऐकलं तेवढंच लिहा. ‘त्यांना बोअर झालं असावं’ ही नोंद नाही, ते पुढचं भाकीत आहे.

आता शिडी. एकाच नियमाला धक्का देणाऱ्या पाच पायऱ्या, प्रत्येकीपुढे अंदाजे भीती १०० पैकी किती ते लिहा :

१. टपरीवर चहा घेताना ओळखीच्या सहकाऱ्याला कामाचा एक प्रश्न इंग्रजीत विचारणं : २५
२. मीटिंगमध्ये पाठ न करता तीन वाक्यं : ४०
३. न कळलेला शब्द सगळ्यांसमोर विचारणं : ५५
४. पाच मिनिटांचा डेमो, कॅमेरा चालू ठेवून : ७०
५. मुद्दाम एक व्याकरणाची चूक करून, ‘सॉरी’ न म्हणता पुढे बोलत राहणं : ८५

पाचवी पायरी लोकांना वेडेपणा वाटतो. पण ‘बिनचूकच हवं’ या नियमाची खरी परीक्षा तीच घेते. पहिल्या चार ‘आज नशिबाने चुकले नाही’ म्हणून खोडून काढता येतात.

पहिली पायरी २० ते ३० च्या आसपास असावी. थेट ८० वरून सुरुवात केली तर माणूस मध्येच पळतो आणि समजूत आणखी पक्की होते. एक पायरी किमान तीनदा करा, कारण एकदा झालं तर मन त्याला अपवाद ठरवतं. आठवड्याला साधारण तीन प्रयत्न, सहा आठवडे; म्हणजे अठराच्या आसपास नोंदी. मध्ये एक आठवडा गेला तर परत एक पायरी खाली येऊन सुरू करा, पहिल्यापासून नको.

लहान पायऱ्यांचा आग्रह उगाच नाही. १९७७ साली अल्बर्ट बांडुरा यांनी ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्याला करताना पाहिलेलं, कोणी सांगून पटवलेलं आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यांत सगळ्यात भक्कम पहिला. शब्दांनी दिलेला धीर सगळ्यात लवकर उडून जातो.

जिथे हात शिकायचा असतो

गाडीचं उदाहरण जवळून बघू, कारण पुण्यात दुचाकी न येणं म्हणजे प्रत्येक कामाला कोणाच्या तरी वेळेवर अवलंबून राहणं. पन्नाशीच्या बाई आहेत, ‘मला तोलच सांभाळता येत नाही’ ही समजूत. इथे भीतीची शिडी आणि कौशल्याची शिडी एकत्र चालवावी लागते. नुसतं धाडस करून लक्ष्मी रस्त्यावर गाडी घातली तर पडणं ठरलेलंच, आणि मग समजुतीला पुरावा मिळतो.

बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी बिनगिअरची स्कूटर घ्या. रविवारी सकाळी साडेसहाला रिकामं मैदान. डोक्यावर हेल्मेट. पहिल्या दिवशी इंजिन बंद. बसून पायांनी ढकलत वीस मिनिटं, आणि दर दहा-बारा पावलांवर दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबणं. दुसऱ्या दिवशी अगदी हलक्या उतारावर पाय उचलून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंजिन चालू, चालण्याच्या वेगाने. रस्त्यावर येण्याआधी शिकाऊ लायसन्स काढून ठेवा. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे नजर पुढच्या चाकावर ठेवणं. नजर जाईल तिकडे गाडी जाते; पंधरा-वीस पावलं पुढे बघायचं.

आणि इथली कुबडी मागून सीट धरून धावते.

‘अहो, धरू नका मागे.’

‘अगं, पडशील!’

‘मग पायच टेकवीन ना. सोडा.’

धरणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तो धरून आहे तोवर तोल बाईंनी सांभाळला की धरणाऱ्याने, हे दोघांनाही कळत नाही. धरायचंच असेल तर पहिले दोन दिवस, आणि सोडताना सांगून सोडा. न सांगता सोडलं आणि त्यांना मध्येच कळलं, तर विश्वास आधी पडतो.

शिकवणाऱ्यांनी, आईबाबांनी आणखी एवढं पाळावं. ‘तू हुशारच आहेस’ याऐवजी काय केलं म्हणून जमलं ते सांगा : ‘आज वळताना वेग आधीच कमी केलास.’ आणि चारचौघांत ‘आमचा बंड्या बुजराच आहे’ हे वाक्य बंद. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण सहज म्हणतो, पण ते पाय कोणी बघून काय बोललं, हे मूल पुढे वीस वर्षं विसरत नाही.

भाकीत खरं ठरलं तर

कधीतरी खरंच कोणी हसेल. वहीत तेही लिहा आणि चार गोष्टी मोजा : किती जण, किती सेकंद, त्यानंतर मी काय केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यामुळे नक्की काय बदललं. पुण्यात ‘न’ आणि ‘ण’वरून टोकलं गेलेल्या कित्येकांनी बँकेत, दुकानात बोलणंच तोडलंय. टोकणाऱ्याचं वागणं असभ्य असतं, हे आधी स्पष्ट लिहा. ती तुमची चूक नाही. मग बघा की काउंटरवरचं काम झालं का. बहुतेक वेळा झालेलं असतं.

आपल्याकडे किती जणांचं लक्ष असतं, याचा अंदाज आपण फार फुगवतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या जणांच्या लक्षात येईल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांच्याच लक्षात आलं.

आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणण्याविषयी स्पष्टच सांगायला हवं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य म्हणायला लावलं, तेव्हा ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. कारण समजायला अवघड नाही : मोठं वाक्य म्हटलं की मन लगेच त्याच्या विरुद्ध पुरावे काढून देतं. त्याऐवजी वहीतलं सिद्ध झालेलं लहान वाक्य म्हणा. ‘मागच्या तीन मीटिंगमध्ये अडखळले, तरी काम माझ्याकडेच राहिलं.’ याच्याविरुद्ध मनाला काही सापडत नाही.

अख्ख्या गावाची समजूतही याच वाटेने हलते. मुलींनी शिकू नये याची भाकितं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. १८४८ साली भिडे वाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली, तेव्हा वाद संपलेला नव्हता. सावित्रीबाई अंगावर शेण-चिखल झेलत वर्गात जात होत्या. तिथे भिंतही होती आणि समजूतही. मुली वाचायला लागल्या तशी समजूत खोटी पडत गेली.

वही पुरत नाही तेव्हा

दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल, तर शिडी बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. लहानपणच्या मारहाणीतून किंवा अत्याचारातून आलेली समजूत एकट्याने खोदू नका.

समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा : बेक यांच्या पद्धतीचं (सीबीटी) किंवा विवेकनिष्ठ मानसोपचाराचं (आरईबीटी) प्रशिक्षण आहे का, साधारण किती सत्रं लागतील, आणि घरी करायला काय द्याल? विवेकनिष्ठ पद्धत अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, त्यामुळे तिच्या संज्ञा मराठीतच समजावून सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत. तुमची वही सोबत न्या. पहिली दोन सत्रं वाचतात.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी नियमाचं पान उघडा आणि आकडा नव्याने लिहा. ८५ चे ५० झाले असतील तर काम चोख झालं. शून्याची वाट बघू नका. आकडा हललाच नसेल तर नोंदी परत वाचा : बहुधा एखादी कुबडी राहिलेली असते, किंवा पाचवी पायरी टाळलेली असते. ८५ च्या जागी आता काय वाटतं, तो नवा नियम आपल्या शब्दांत लिहा, ‘अडखळले तरी मुद्दा पूर्ण करावा’ असा, आणि त्याखाली पुढच्या मंगळवारची तारीख टाका.